जुन्या जॅझ रेकॉर्डची कव्हरं: नाशिककरांनो, कपाटं उघडा

सुई_आणि_खाच (गंगापूर रोड), रविवार रात्री

मंडळी, आज सकाळी देवळाली कॅम्पात लॅम रोडच्या आतल्या बाजूला एक जुना बंगला रिकामा होत होता. मालक वारले, मुलं परदेशात, घर विकायला काढलेलं. भंगारवाल्याचा टेम्पो दारात उभा आणि व्हरांड्यात रेकॉर्डचा गठ्ठा सुतळीने बांधलेला. सुतळी इतकी आवळलेली की वरच्या कव्हरच्या पुठ्ठ्यात रुतून बसली होती. रेकॉर्ड एका दुकानदाराने आधीच सांगून ठेवल्या होत्या, त्याला त्यांची भिंतीवरची घड्याळं करायची होती. कव्हरं त्याला नको होती. ती किलोवर रद्दीत जाणार होती.

सगळा गठ्ठा मी घेतला. तीस रेकॉर्ड आणि एकतीस कव्हरं. जवळजवळ सगळं जॅझ.

सर्वात वर होती पियानोवादक डेव्ह ब्रूबेकची ‘टाइम आउट’, १९५९ सालची, सीबीएस कंपनीची इंग्लंडमधली प्रत. सुतळीचा वळ हिच्याच कव्हरवर आहे. पहिली बाजू खरचटलेली आहे, ‘टेक फाइव्ह’ तीन ठिकाणी उडी मारतं. पण कव्हर बघा. एस. नील फुजिता यांचं चित्र: चाकांसारखे गोल, त्यांना अडवणारे चौकोनी ठोकळे, लाल-निळे तुकडे. माणसाचा फोटो नाही, पियानो नाही. अमूर्त चित्र लावलं तर रेकॉर्ड खपणार नाही, असं कंपनीच्या विक्रीवाल्यांचं मत होतं. पाच मात्रांचं संगीत, वर असं चित्र, एकही ओळखीचं गाणं नाही. तरीही ती जगभर खपली. आपल्या कानाला पाच मात्रांचं काय नवल, झपतालात दोन-तीन-दोन-तीन आपण लहानपणापासून मोजतो. ‘टेक फाइव्ह’ तीन-दोन मोजून बघा आणि मोजता मोजता कव्हरवरची चाकं बघा. ती एका लयीत फिरत नाहीत. मला आज पहिल्यांदा ते चित्र ऐकू आलं.

आता एकतिसावं, रिकामं कव्हर. सॉनी रोलिन्सची ‘वे आउट वेस्ट’, १९५७. रोलिन्स वाळवंटात उभा आहे, डोक्यावर काउबॉयची हॅट, कमरेला पिस्तुलाचा पट्टा, आणि हातात पिस्तुलाच्या जागी सॅक्सोफोन. फोटो विल्यम क्लॅक्सटन यांचा, मोहावी वाळवंटात काढलेला. न्यूयॉर्कचा हा वादक तेव्हा पहिल्यांदाच पश्चिमेकडे आला होता आणि ही कल्पना त्याचीच. मागच्या बाजूला खालच्या कोपऱ्यात बारीक पेन्सिलीने लिहिलंय: ‘रंगभवन, मुंबई, १९७८’. जॅझ यात्रा नावाचा जॅझ महोत्सव पहिल्यांदा १९७८ साली मुंबईत झाला, त्यात रोलिन्स वाजवून गेला होता. म्हणजे बंगल्याचे मालक त्याला प्रत्यक्ष ऐकून आले आणि घरी येऊन त्यांनी ही नोंद केली. आतली रेकॉर्ड कुठे गेली कोण जाणे.

तुमच्याकडे काय आहे ते टाका. नुसता फोटो नको. कुठे मिळालं, कसं छापलंय, उघडल्यावर काय दिसतं, तेही लिहा. किमती कृपया नकोत.

गोदाकाठ

वा! धागा वाचनखुणेत. घड्याळवाल्यांबद्दल तुमच्याइतकाच संताप होतो. कॉलेज रोडच्या एका कॅफेत कव्हरांच्या चारही कोपऱ्यांत खिळे ठोकलेले पाहिले आणि कॉफी अर्धी टाकून उठले.

खिळेजुळारी (पंचवटी)

माझ्या वडिलांचा पंचवटीत ट्रेडलचा, म्हणजे पायाने चालवायच्या यंत्राचा, छापखाना होता. लग्नपत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. मामा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये. त्यामुळे घरात कुठलाही छापील कागद आला की तो आधी उजेडात तिरका धरायचा, मग भिंगाखाली, आणि वाचायचा सगळ्यात शेवटी. रेकॉर्डची कव्हरं मी तशीच बघतो.

ब्लू नोट या अमेरिकेतल्या जॅझ रेकॉर्ड कंपनीच्या कव्हरांबद्दल सगळे ‘काय डिझाइन आहे’ म्हणतात. मला त्यात काटकसर दिसते आणि म्हणूनच ती आवडतात. लग्नपत्रिका दोन रंगांत हवी असेल तर ट्रेडलवर कागद दोनदा चढवावा लागतो. लाल गणपती आधी, तो वाळला की निळा मजकूर. प्रत्येक रंगाला वेगळी मजुरी. गिऱ्हाईक गरीब असलं की वडील म्हणायचे, एकाच रंगात करू, पण अक्षर असं लावू की दुसऱ्या रंगाची आठवण होणार नाही. ब्लू नोटचं तेच होतं. कंपनी छोटी, पैसे बेताचे. फ्रान्सिस वुल्फ ध्वनिमुद्रण चालू असताना वादकांचे काळेपांढरे फोटो काढायचे. रीड माइल्स १९५६ पासून अकरा वर्षं कव्हरं करत होते, पाचशेच्या आसपास केली. त्यांनी तो फोटो घ्यायचा, निर्दयपणे कापायचा, त्यावर एखादा रंग चढवायचा आणि उरलेली सगळी जागा अक्षरांना द्यायची.

माझ्याकडे सॅक्सोफोनवादक जॅकी मॅकलीनची ‘इट्स टाइम’ आहे, १९६४ चं ध्वनिमुद्रण, माझी प्रत नंतरची. कव्हरभर उद्गारचिन्हं, ओळीने, एकाला एक चिकटून, आणि मॅकलीनचा फोटो कोपऱ्यात तिकिटाएवढा. ज्याने हाताने खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवलेत त्याला हे बघून पोटात गोळा येतो. आमच्या छापखान्यात एका मापाची उद्गारचिन्हं फार तर दहा-बारा असायची, त्याहून जास्त कुणाला कधी लागलीच नाहीत. ज्या चिन्हाला वाक्याच्या शेवटी उभं राहायची सवय, त्याचीच इथे भिंत बांधली.

माइल्सना जॅझ फारसं आवडत नसे, ते पाश्चात्त्य शास्त्रीय ऐकणारे. मालक आल्फ्रेड लायन संगीत कसं आहे ते सांगायचे आणि हे कव्हर करायचे. मला यात काही कमीपणा वाटत नाही. वडिलांनी हजारो लग्नपत्रिका छापल्या, त्यातल्या किती लग्नांना गेले असतील?

पेन्सिलीची नोंद खोडू नका. खोडरबराने पुठ्ठ्याचा वरचा थर निघतो, तो परत येत नाही.

रानजाई

काका, फार सुंदर लिहिलंत.

माझ्याकडे रीड माइल्स यांचंच एक आहे, एरिक डॉल्फीची ‘आउट टू लंच’. दुकानाच्या दारावर ‘अमुक वाजता परत येऊ’ अशी पाटी लावतात ना, घड्याळाची चकती असलेली, तिचा निळसर फोटो. फक्त त्या घड्याळाला दोन काटे नाहीत, बरेच आहेत आणि प्रत्येक वेगळीकडे बघतोय. म्हणजे परत कधी येणार ते कळतच नाही.

हे ध्वनिमुद्रण फेब्रुवारी १९६४ चं. जूनमध्ये डॉल्फी बर्लिनमध्ये गेला, मधुमेहाने, अवघ्या ३६ व्या वर्षी. रेकॉर्ड बाजारात आली ती त्यानंतर. पाटी तयार झाली तेव्हा कुणाच्या मनातही नसेल. मी ती रेकॉर्ड लावते तेव्हा कव्हर पालथं ठेवते, ती पाटी बघवत नाही.

तिसरी_मात्रा

नवीन आहे, वाचतोय. एक शंका, ही चित्रांची कव्हरं आधीपासूनच होती का? आमच्या आजोबांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड साध्या खाकी पाकिटात आहेत, मध्ये गोल भोक.

रेषाटन (चित्रकला शिकवते)

नव्हती. आजोबांची पाकिटं आहेत तशीच तिकडेही होती. पूर्वी एक मोठी रचना तीन-चार रेकॉर्डवर मावायची, त्या पाकिटांचं पुस्तकासारखं बाड बांधायचे. ‘अल्बम’ हा शब्द तिथूनच आला. वरचं पुठ्ठ्याचं वेष्टन करड्या-तपकिरी रंगाचं, त्यावर नाव ठोकलेलं. १९३९ मध्ये कोलंबिया कंपनीने अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाच्या विशीतल्या चित्रकाराला कामावर घेतलं. त्याने १९४० मध्ये पहिलं चित्रमय कव्हर केलं, रॉजर्स आणि हार्ट यांच्या गाण्यांसाठी, त्यावर नाटकगृहाची दिव्यांनी उजळलेली पाटी होती. खप वाढलेला दिसल्यावर कंपनीने त्याला मोकळीक दिली. पुढे १९४८ मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड, आली तेव्हा तिचं पुठ्ठ्याचं कव्हर कसं असावं तेही त्यानेच बसवलं. आज आपण हातात धरतो ती वस्तू त्याची.

पण माझा जीव डेव्हिड स्टोन मार्टिन यांच्यावर. नॉर्मन ग्रँझ यांच्या क्लेफ, नॉरग्रॅन आणि व्हर्व या कंपन्यांसाठी त्यांनी शेकडो कव्हरं काढली. टाकाची रेघ. मुलांना वर्गात दाखवते तेव्हा सांगते, ही रेघ बघा, ती कुठे जाड होते, कुठे कापरी होते, कुठे टाक अडखळून शाईचा थेंब सुटलाय. तो थेंब त्यांनी पुसलेला नाही. वादकाचा चेहरा चार रेघांत उरकतील, पण बोटं? वाद्याच्या चाव्यांवरची बोटं एकेका पेरासकट. बाजूला रिकामी खुर्ची, जमिनीच्या फळ्या, फळ्यांच्या फटी. मग सगळ्या चित्रावर एखादाच सपाट रंग, तोही रेघेच्या बाहेर सांडलेला.

आपल्याकडच्या जुन्या दिवाळी अंकांतली कथाचित्रं आठवा. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं सगळ्यांच्या लक्षात राहिली, पण आतल्या पानांवर कथेच्या डोक्यावर जी टाकाची रेखाचित्रं असायची, ती बघत वाढलेल्या माणसाला स्टोन मार्टिन परके वाटणार नाहीत. माझ्याकडे त्यांचं एकच मूळ कव्हर आहे, लेस्टर यंगचं, तेही कडेने कसरीने खाल्लेलं. कसरीने रंग खाल्लाय, शाईची रेघ तशीच ठेवली आहे.

हिशेबनीस

वरच्या त्या ‘टाइम आउट’ला बाजारात किती मिळतील?

सुई_आणि_खाच

किमतीसाठी दुसरा धागा काढा ही विनंती.

रेषाटनताई, तुमचा प्रतिसाद मुलीला वाचून दाखवला. ती आता टाक मागते आहे.

देवळालीकर_मावशी

मी त्या बंगल्याच्या शेजारच्या गल्लीतली. त्यांच्या व्हरांड्यातून संध्याकाळी ट्रम्पेट ऐकू यायची, आम्ही मुली कुंपणाशी उभ्या राहून ऐकायचो. तोफखान्याच्या छावणीमुळे कॅम्पात पूर्वी असे बरेच बंगले होते. बदली झाली की फर्निचर आणि रेकॉर्ड मागे ठेवून लोक जायचे. तुम्ही ती वाचवलीत, तुमचं कल्याण होवो.

माझ्याकडे एकच भारी वस्तू आहे, भावाने अमेरिकेतून आणलेली. ऑर्नेट कोलमन यांची ‘फ्री जॅझ’, अटलांटिक कंपनी, १९६१. कव्हरला खरोखरची खिडकी कापलेली आहे. खिडकीतून रंगांचा थोडासा गुंता दिसतो. कव्हर उघडलं की आत चित्रकार जॅक्सन पोलॉकचं ‘व्हाइट लाइट’ पूर्ण दिसतं, चित्र १९५४ चं. रेकॉर्डवर चार-चार वादकांच्या दोन चौकड्या एकाच वेळी वाजवतात, एक डाव्या कानात आणि एक उजव्या. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला काही म्हणजे काही कळलं नाही. भाऊ म्हणाला, खिडकीतून बघतेस म्हणून, दार उघड. नंतरच्या काही आवृत्त्यांत ती खिडकी कापलेलीच नाही. माझ्या खिडकीचा खालचा काठ बोटं लागून मऊ झालाय, नातवंडं प्रत्येक वेळी तिथूनच डोकावतात. मी त्यांना अडवत नाही.

रानजाई

मावशी, मलाही एका आईने केलेलं कव्हर आठवलं. माझ्याकडे नाही, फक्त एका संग्राहकाकडे मुंबईत हातात घेऊन पाहिलं. ‘द स्टोरी ऑफ मूनडॉग’, प्रेस्टिज कंपनी, १९५७. मूनडॉग हा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर वाजवणारा अंध संगीतकार. कव्हरवर चित्रच नाही, वरपासून खालपर्यंत नुसतं हाताने लिहिलेलं वळणदार अक्षर. ते अक्षर चित्रकार अँडी वॉरहॉलच्या आईचं, जूलिया वॉरहोला यांचं. युरोपातल्या डोंगराळ खेड्यातून आलेली बाई, इंग्रजी जेमतेम. मुलगा मजकूर द्यायचा, ती तो वेलबुट्टीसारखा उतरवायची, चुका झाल्या तरी तो तशाच ठेवायचा. या कव्हरला पुढे बक्षीस मिळालं तेही ‘अँडी वॉरहॉलची आई’ या नावावर. स्वतःचं नाव नाहीच.

वॉरहॉलने स्वतःही ब्लू नोटसाठी रेखाटनं केली आहेत, गिटारवादक केनी बरेलच्या रेकॉर्डवर आहेत. पण मला आईचंच जास्त आवडतं.

गोदाकाठ

नावावरून आठवलं. भारतीय रेकॉर्ड चालेल ना? माझ्याकडे ‘रागा जॅझ स्टाइल’ आहे. एचएमव्ही, १९६८, शंकर-जयकिशन, सतारीवर उस्ताद रईस खान. तोडी, भैरव, मालकंसापासून भैरवीपर्यंत अकरा राग. बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर, कढया आणि कुलपांच्या ढिगाशेजारी मिळाली.

पुढच्या बाजूपेक्षा मला तिची पाठ मोलाची वाटते. तिथे वादकांची नावं आहेत: सॅक्सोफोन मनोहारी सिंग, ट्रम्पेट जॉन परेरा, ड्रम लेस्ली गोदिन्हो, पियानो लुसिला पाशेको. हिंदी सिनेमाची निम्मी चमक या आणि अशा वादकांनी आणली, त्यांतले कितीतरी गोव्याचे, आणि सिनेमाच्या रेकॉर्डवर त्यांची नावं सहसा नसायचीच. आई ती यादी वाचताना म्हणाली, ‘म्हणजे हा वाजवायचा होय!’ पन्नास वर्षं कानात असलेल्या माणसाचं नाव तिला पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला भेटलं.

खिळेजुळारी

ताई, म्हणूनच म्हणतो, कव्हर फेकणं म्हणजे सातबारा फेकणं. जमीन राहते, पण कुणाची होती ते जातं.

सराफबाजार_तळमजला

इतके दिवस फक्त वाचत होतो. आज लिहितो.

माझ्याकडे चौदा जॅझ रेकॉर्ड आहेत आणि कव्हर एकाचंही नाही. ऑगस्ट २०१६ च्या पुरात आमचा तळमजला गेला. आपण गोदेच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीकडे बघून पाणी मोजतो, त्या दिवशी मोजायला वेळच मिळाला नाही. माल वर नेण्यात दुपार गेली. रेकॉर्डचं खोकं खालच्या फळीवर होतं. पाणी ओसरल्यावर खोकं उघडलं तर कव्हरांचा लगदा झालेला, एकमेकांना चिकटलेला. वेगळी करायला गेलो तर एकाचं चित्र दुसऱ्याच्या पाठीवर उमटून आलं. रेकॉर्डना काही झालं नाही, नळाखाली धुतल्या आणि वाजल्या. तेव्हापासून त्या पांढऱ्या कागदात आहेत.

संगीत तेच आहे, पण मी त्या आता क्वचित लावतो. चौदा पांढरी पाकिटं, कुठली कुठली ते बाहेर काढून लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. ‘टाइम आउट’ त्यात आहे. वर तुम्ही चाकांचं लिहिलंत, ते वाचून उठलो आणि लेबल शोधली.

तिसरी_मात्रा

वाचून वाईट वाटलं. पुरानंतर कव्हरं वाचवता येतात का? आणि पावसाळ्यातल्या बुरशीचं काय करायचं?

खिळेजुळारी

ओली कव्हरं लगेच वेगळी करायची, वाळायच्या आत. एकदा चिकटून वाळली की संपलं. प्रत्येकाच्या आत-बाहेर टिपकागद, नाही तर न छापलेला कोरा कागद. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. सपाट ठेवून वर वजन, कागद दर दोन-तीन तासांनी बदलायचा. पंखा लांबून. ऊन अजिबात नको, पुठ्ठा पापडासारखा वळतो आणि लाल-पिवळा रंग आधी उडतो.

बुरशी आधी पूर्ण वाळू द्या, मग घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, मऊ ब्रशने एकाच दिशेने झटका. ओलं फडकं कोऱ्या पुठ्ठ्यावर फिरवू नका, डाग आत जिरतो. जुन्या इंग्लंडच्या आणि दमदमच्या (कोलकात्याजवळच्या एचएमव्ही कारखान्यातल्या) कव्हरांना पुढून चकचकीत पापुद्रा असतो आणि त्याची किनार मागे दुमडून चिकटवलेली असते. त्या पुढच्या बाजूला जेमतेम दमट फडकं चालतं, दुमडलेल्या किनारीला नाही.

रेकॉर्ड उभ्या ठेवा, गच्च कोंबू नका. जाड, चिकट, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या टाळा, आपल्या पावसाळ्यात त्या आतून घाम धरतात आणि कव्हरला चिकटतात. पातळ पॉलिथिनची पिशवी, तोंड उघडं. कपाटात वेखंडाची पुरचुंडी, पण कव्हरला टेकू द्यायची नाही. आणि हात जोडून सांगतो, कव्हर लॅमिनेट करू नका. बाहेर काढायचा रस्ता नसतो.

रेषाटन

काकांच्या यादीत एक भर, चिकटपट्टी नको. फाटलेल्या कडेला आतून पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. कॉलेजात आहे, कुणाला हवी असल्यास आणते.

सुई_आणि_खाच

तळमजलावाले दादा, दोन दिवस तुमचा प्रतिसाद डोक्यात आहे.

या बुधवारी सकाळी साडेनऊला माझ्याकडे या. पत्ता निरोपात पाठवलाय. येताना तुमची ‘टाइम आउट’ पांढऱ्या कागदासकट आणा. माझी पहिली बाजू उड्या मारते हे लिहिलंच आहे. तुमची लावू आणि माझं कव्हर समोर ठेवू. खिळेजुळारी काका भिंग घेऊन येतोय म्हणालेत, रेषाटनताई खळ आणि जपानी कागद. मावशी, तुम्हाला कॅम्पातून आणायला मी गाडी पाठवतो. खिडकीवालं कव्हर आणलंत तर माझी मुलगी जन्मभर आठवण ठेवेल.

सराफबाजार_तळमजला

येतो. दुकान बुधवारी अकराला उघडेन.

देवळालीकर_मावशी

आणते. आणि ते रिकामं कव्हरही बाहेर काढून ठेवा. पेन्सिलीचं अक्षर त्यांचं की बाईंचं ते मी बघून सांगते, दोघांचंही मला ओळखू येतं.